कणीक लावलेली गिटार

इलेक्ट्रिक बेस गिटार ज्याने बाजारात रुळवली, त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी 1938 पासून त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वाजवणारे बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यायचे, गाऱ्हाणी सांगायचे. ती ऐकता ऐकता 1951 साली त्याने ही चार तारांची वस्तू विकायला काढली. हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय, की जुनी बेस घेऊन मुंबई-पुण्याला पळायचं कारण नाही. एक मोटर भरणारा, एक सुतार आणि एक टीव्ही दुरुस्त करणारा जिथे सापडतो, तिथे तिचं भागतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या वरवट बकालात तिघेही आहेत आणि तिघांनाही गाण्यातलं काही कळत नाही. पात्रता पूर्ण.

बेस आली खामगावकडच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून. कुठल्याशा नामांकित गिटारीची बेनामी नक्कल. परदेशात म्हणे जुन्या गिटारीचा एक स्क्रू बदलला तरी शौकीन किंमत पाडतात. आमच्या बेसच्या ब्रिजचे स्क्रू पाहून सुतार नुसता हसला. ते फवारणी पंपाचे होते. म्हणजे ‘मूळ रूपात आणायचं की सुधारायचं’ हा थोर वाद माझ्यापुरता आधीच कुणीतरी मिटवून ठेवला होता.

घरी येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच. “भाऊ, चारच तारा काऊन? बाकीच्या दोन कुठी गेल्या?” मी समजवायचो, की सगळ्यात जाड तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा थरथरते, गाण्याला बूड देते वगैरे. चेहरे कोरेच. मग भजनी मंडळातले पखवाजवाले बुवा आले. त्यांनी जाड तार एकदा छेडली, लाकडावर तळवा ठेवला आणि म्हणाले, “हा तं धुमा हाय. कणीक लावलेली गिटार हाय हे.” पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात ती याच खर्जासाठी. त्यानंतर मी समजावणं बंद केलं.

पिकअप मेला होता. पिकअप म्हणजे लोहचुंबकांभोवती गुंडाळलेली तार, दुसरं काही नाही. वर पोलादी तार हलली की आत वीज उमटते. मोटर भरणाऱ्याला हे सांगायची गरज पडली नाही, त्याचा धंदाच तो. फक्त विहिरीतल्या मोटरीत तांबं किलोवर मोजतात आणि इथे वेढे हजारांनी असले तरी तारेची जाडी मिलिमीटरचे जेमतेम सहा शतांश. केसासारखी म्हणणार होतो, पण 2025 च्या जानेवारीत शेगावकडच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हापासून इकडे केसांची उपमा जपून द्यावी लागते. त्याने शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर ती गुंडाळली. तार तुटली की तो पंपवाल्यांना द्यायच्या शिव्या हळू आवाजात द्यायचा.

सुताराचं दुखणं वेगळं. बॉडी प्लायवूडची निघाल्याचा त्याला अपमान वाटला. सातपुड्याच्या पायथ्याशी राहून प्लाय? साग लावू म्हणाला. सागाची गिटार गळ्यात घालून कीर्तनभर उभं राहायचं तर मागून एक माणूस धरायला लागेल, असं सांगून त्याला आवरलं. पण मान सरळ करण्यात तो तयार निघाला. मानेच्या पोटात लोखंडी सळई असते. तिचा नट एका वेळी पाव फेरा फिरवायचा आणि लाकडाला एक रात्र द्यायची. पारा पंचेचाळीसला टेकतो त्या मुलखात लाकडाशी घाई चालत नाही, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

जुन्या तारा उकळल्या की मेलेला आवाज काही दिवस परत येतो, ही बेसवाल्यांची जगभरची गरिबी. आम्ही खारपाणपट्ट्यातले, म्हणून बोअरचं सोडून नळाचं गोडं पाणी घेतलं. पातेलं पाहून घरातून विचारणा झाली, भाजी कशाची आहे.

पडदे झिजले होते, आणि बुवांना मींड हवी होती. फेंडरने बोट अचूक सुरावर पडावं म्हणून पडदे बसवले, नावही ‘प्रिसिजन’ ठेवलं. पुढे बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या 1962 च्या जॅझ बेसचे पडदे उपटून खाचा बुजवल्या, वर होडीला लावतात ती इपॉक्सी फासली आणि जग त्याच्या मागे लागलं. टीव्हीवाल्याने सोल्डरिंगने पडदे तापवले, सुताराने पकडीने उपसले, खाचांत सागाच्या चिपा बसल्या. सागाची हौस अशी फिटली. वाद्य बाटवलं असं कुणी म्हणालं तर मी वरातीतला बँजो दाखवतो. 1912 साली जपानात नागोयाच्या मोरिता गोरोने टाइपरायटरसारख्या कळा लावून केलेलं ताइशोगोतो ते. आपण त्याला पिकअप आणि कर्णे लावून नवरदेवापुढे चालवलं.

राहिली घरघर. 1957 मध्ये फेंडरने पिकअपचे दोन तुकडे करून, एकमेकांना उलटे गुंडाळून विजेची घरघर मारली. आमची नक्कल त्याआधीच्या घराण्याची. वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. पेटीवाले म्हणतात, लाइट जरा चढी लागते. बुवांनी मात्र भजन पांढरी पाचवर आणून ठेवलंय, आणि तंबोऱ्यासाठी काढलेली वर्गणी परत द्यायची की स्पीकरमध्ये घालायची यावर मंडळाची बैठक अजून चालू आहे.