कोटींची बोली आणि पीएफचा अर्ज

"काकू, जरा कुंपणाशी येता का? तुम्हालाच सांगते हं, अजून सासूबाईंच्याही कानावर नाही. आमचे हे पीएफ काढतायत."

"अगं बाई! घराला गळती लागली की काय?"

"घर कसलं! लेकाच्या क्रिकेट अकादमीसाठी. कल्याणच्या तुषार देशपांडेला आयपीएलच्या लिलावात राजस्थान रॉयल्सने साडेसहा कोटींना घेतलं ना, तेव्हापासून उल्हासनगरपासून इथे बदलापूरपर्यंत प्रत्येक बापाला आपलं पोर लिलावात दिसायला लागलंय."

"मग त्या बापांना हेही सांग, की त्याच तुषारला चेन्नईने 2022 साली 20 लाखांत घेतलं होतं. मधली वर्षं त्याने घाम गाळला, तेव्हा कुठे भाव चढला. शिवाय साडेसहा कोटी ही एका मोसमाची बोली. त्यातून टॅक्स जातो, एजंट असेल तर त्याचे टक्के जातात. पुढच्या लिलावात पाटी कोरी!"

"तुम्हाला बरं एवढं ठाऊक!"

"असणारच. आमचे हे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चिकटले ते कबड्डीच्या जोरावर. पस्तिशीत गुडघा गेला, चढाया बंद झाल्या. पण एक तारखेचा पगार कधी चुकला नाही. आज पेन्शन येतेय."

"तेव्हा कबड्डीत पैसा कुठे होता, काकू? आता बघा, आपल्या कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले."

"मोजले ना! पुढे खांदा दुखावला आणि भाव उतरला. पोरगा चिवट म्हणून 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा 1 कोटीला घेतला. पण मधल्या काळाचं काय? बँकेच्या हप्त्याला खांद्याचं दुखणं कळत नाही गं."

"आणि क्रिकेटमधल्या त्या विनोद कांबळीचं काय झालं हो नक्की? लोक काय काय बोलतात..."

"लोकांच्या तोंडाला कुलूप नसतं. तू नुसता हिशेब बघ. 1988 मध्ये शाळेच्या सामन्यात त्याची नि सचिनची 664 धावांची भागी. कसोटीत आल्यावर ह्याने लागोपाठच्या दोन सामन्यांत द्विशतकं ठोकली. सरासरी 54 च्या वर! आणि शेवटची कसोटी कधी? 1995 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्याच वर्षी सचिनने मार्क मस्कारेन्हासच्या वर्ल्डटेलशी पाच वर्षांचा करार केला, 30 कोटींच्या आसपासचा. एकाचे जाहिरातींचे पैसे सांभाळायला माणूस आला, दुसऱ्याची कसोटीची वाटच बंद झाली."

"अरेरे!"

"2022 मध्ये कांबळीने स्वतःच सांगितलं, की क्रिकेट बोर्डाची 30 हजारांची पेन्शन हीच माझी कमाई, मला काम द्या. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, गावसकरांच्या चॅम्प्स फाउंडेशनने महिन्याला 30 हजार द्यायला सुरुवात केली. जुन्या खेळाडूंना हात द्यायला गावसकरांनी ती संस्था 1999 मध्येच काढली होती. म्हणजे अशी वेळ येणारा कांबळी काही पहिला नाही."

"सचिनचं मात्र सोनंच झालं."

"त्याचेही हात पोळलेत हो. कुलाब्यातलं त्याच्या नावाचं हॉटेल बंद पडलं. पण एक बुडालं तर दहा ठिकाणी लावलेलं असतं. 2023 मध्ये आझाद इंजिनिअरिंगमध्ये त्याने 5 कोटींच्या आसपास घातले आणि त्याच डिसेंबरात ती कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा त्याचे कितीतरी पट झाले. बुडाले तरी चूल पेटती राहील एवढं बाजूला असलं की माणूस पुन्हा उभा राहतो."

"मग आम्ही काय करावं? पोराला खेळू नको म्हणावं?"

"छे गं! खेळू दे की. कोल्हापूरचाच स्वप्निल कुसळे बघ. आपल्याच मध्य रेल्वेत टीसी होता. नोकरी सांभाळून नेमबाजी केली, 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला कांस्यपदक मिळवलं, सरकारने 1 कोटी जाहीर केले. पदक आलं नसतं तरी पगार होताच. आपण रोज ज्या लोकलला लटकतो ना, त्याच रेल्वेत खेळाडूंची भरती निघते. राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळल्याची सर्टिफिकेटं मात्र लागतात."

"ह्यांना कोण समजावणार, काकू? अर्ज भरून ठेवलाय. नुसती सही राहिलीय."

"तेवढी सही होऊ देऊ नकोस. अकादमीची फी पगारातून झेपेल तेवढीच भरा, आणि पोराला बारावी पूर्ण करायला लावा. त्याची बोली लागली तर लागली. नाही लागली, तर म्हातारपणी तुम्हा दोघांना तोच पीएफ लागणार आहे."