एका बटणाची बचत

विचार करायला थांबलो की माझा डावा हात आपोआप कंट्रोल-एस दाबतो. ही सवय महाराष्ट्राच्या भारनियमनाची. कॉलेजात निळ्या पडद्याचे टर्बो सी होते, तिथे सेव्ह करायला एफ-टू. घरी वर्डमध्ये कंट्रोल-एस. वीज कधी जाणार याचे वेळापत्रक पेपरात छापून यायचे, पण विजेने ते वाचलेले नसायचे. त्यामुळे आज लॅपटॉपला बॅटरी आणि घराला इन्व्हर्टर असूनही एक ओळ लिहिली की एकदा सेव्ह, आणि खोडली की दोनदा.

पोटापाण्याने मात्र मला विम एडिटरच्या दारात नेऊन बसवले. इथे लिहिलेले जतन करून बाहेर पडायचे तर आधी एस्केप, मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉयने 1976 च्या सुमारास लिहिला, तो एडीएम-थ्रीए नावाच्या टर्मिनलवर. त्या कीबोर्डवर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होते, करंगळीच्या टप्प्यात. पुढे ते वरच्या कोपऱ्यात राहायला गेले आणि जाताना विमला पत्ता देऊन गेले नाही.

त्यात कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट. कमिट म्हटले की गिट एडिटर उघडून बसते: काय केलेत ते लिहा. लिहायचे, एस्केपपर्यंत हात लांबवायचा, बाहेर यायचे, मग ते टीमकडे ढकलायला पुश वेगळा. दिवसातून इतक्या वेळा हा प्रवास कोण करणार? मी एक अख्खा शनिवार खर्च करून ठरवले की यापुढे विममध्ये कंट्रोल-एस म्हणजे संदेश जतन आणि बाहेर. शिवाय पोस्ट-कमिट हुक लिहिला, म्हणजे कमिट झाले की पुशही आपोआप. वाचलेल्या सेकंदांनी तो शनिवार कधी फिटणार, हा हिशेब मी केला नाही. बायकोने केला.

लॅपटॉपवर सगळे झकास चालले. सोमवारी ऑफिसच्या जुन्या सर्व्हरवर काम होते. रोमन लिपीत ‘जीएसटीचा दर दुरुस्त’ असा संदेश लिहिला, ऐटीत कंट्रोल-एस दाबले, आणि पडदा जागच्या जागी थिजला. पुन्हा दाबले. काही नाही. मग मी यंत्राशी बोलू लागलो, आणि माझे बोलणे अशा वेळी तोंडातून न येता बोटांतून येते. ‘हल की मेल्या’ असे टाइप केले. पडद्यावर अक्षर उमटेना, त्यामुळे भीड चेपली आणि ‘आईच्या गावात’ हेही झाले. त्यानंतर काही शब्द असे होते की ते इथे संपादक छापणार नाहीत. शेवटी थकून, निव्वळ सवयीने, एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर.

शेजारच्या टेबलावरची मुलगी बराच वेळ हे पाहत असावी. “सर, कंट्रोल-क्यू दाबा ना.”

दाबले. तुंबलेली मोरी एकदम मोकळी व्हावी तसे सगळे धडधडत बाहेर आले. शिव्या संदेशात उतरल्या, संदेश जतन झाला, कमिट झाले, आणि हुक, जो मी स्वतःच्या हाताने आणि मोठ्या कौतुकाने बसवला होता, त्याने ते तत्परतेने सगळ्या टीमकडे ढकलले.

त्याचे असे आहे की 1963 मध्ये आलेल्या टेलिटाइप मॉडेल 33 सारख्या, कागदी फितीवर चालणाऱ्या यंत्रांच्या काळापासून कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चालू दे’. जुनी टर्मिनले हा शिष्टाचार अजून पाळतात. थांबतो तो पडदा. दाबलेली बटणे रांगेत उभी राहतात. माझी तर रांगच होती.

संदेश बदलता येतो की, असे वाटेल. गिटमध्ये प्रत्येक कमिटची चाळीस अक्षरी ओळख जी निघते, ती फायली, लेखक, वेळ, आधीचे कमिट आणि संदेश या सगळ्यांतून. संदेशातले एक अक्षर हलवले की ओळख बदलते, आणि तिच्या पाठीवर उभ्या असलेल्या सगळ्यांचीही. तोवर चौघांनी ते ओढून घेऊन त्यावर कामही सुरू केले होते. टीम लीड म्हणाल्या, “राहू दे आता.” म्हणून आजही कुणी त्या जीएसटीच्या ओळीवर ‘ब्लेम’ चालवले तर माझे नाव येते, आणि संदेश उघडला तर माझे संस्कार. एप्रिल 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिटच्या पहिल्याच कमिटमध्ये गिटला नरकातून आलेला माहिती-व्यवस्थापक म्हटले होते, हा दाखला मी बैठकीत देऊन पाहिला. त्यांनी लिनक्सही लिहिलंय, असे उत्तर आले.

जुना शिष्टाचार बंद करायला टर्मिनलला एक ओळ पुरते. ती घातली. पण कंट्रोल-एसवरचा विश्वास उडाला होता. टर्बो सीच्या आठवणीने एफ-टूला तेच काम दिले, तर लॅपटॉपने दर कमिटला पडद्याचा उजेड कमी केला. शेजारची म्हणाली, “सर, कमिटपुढे डॅश-एम द्या आणि तिथेच संदेश लिहा. एडिटर उघडतच नाही.” मी तिला समजावले की पहिली ओळ पन्नास अक्षरांत बसवावी, संदेश शांतपणे, विचार करून लिहावा. ती काही बोलली नाही. नुसते माझ्या पडद्याकडे बघितले.

मग ‘जे’ हे अक्षर दोनदा दाबले की एस्केप, अशी योजना केली. विमवाल्यांत ती लोकप्रिय आहे, कारण इंग्रजीत दोन जे सहसा लागोपाठ येत नाहीत. आमचे एक गिऱ्हाईक म्हणजे परदेशी दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या काकू. दर आठवड्याला त्यांना बदलांची यादी जाते, आणि ती आमच्या कमिट संदेशांतूनच आपोआप तयार होते. मी रोमन लिपीत लिहिले: यादीत नवा पदार्थ, चकली, आज्जीची. आता बघा. ‘ए’ उमटला, दोन ‘जे’ म्हणजे एस्केप, पुढचा ‘आय’ म्हणजे विमच्या लेखी ‘या अक्षराच्या आधी घुसव’, आणि उरलेला ‘ची’ निमूटपणे त्या ‘ए’च्या अलीकडे जाऊन बसला. ‘चिया’. हुकने नेहमीच्या तत्परतेने तेही पुढे धाडले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. “अहो, ते चियाच्या चकलीचं तुम्ही यादीत घातलंत, बरं केलंत हो. न्यू जर्सीच्या मुलींना असलंच काहीतरी लागतं. भाजणीत किती घालायचं ते मी बघते, पण किलोला भाव काय लावलाय तुम्ही?”