माहिती निरंक असल्यास तसे कळवावे

परिपत्रक म्हणजे वरच्या कार्यालयाने खालच्या कार्यालयाला पाठवलेला आणि खालच्याने त्याच्याही खालच्याकडे सरकवलेला कागद. महाविद्यालयाच्या खाली दुसरे कार्यालय नसल्यामुळे तिथे त्याचा प्रवास संपतो आणि तो प्राध्यापकाच्या किंवा लिपिकाच्या अंगावर येतो. दौंड तालुक्यातल्या राहू परिसराला, भीमा आणि मुळा-मुठेच्या बेचक्यातल्या या पट्ट्याला, लोक राहू बेट म्हणतात. इथला ऊस वर्षातून एकदा तुटतो. इथली मुले पदवीसाठी केडगाव-दौंडकडे किंवा भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात जातात. त्या बाजूच्या महाविद्यालयांत परिपत्रकाचे पीक मात्र बारमाही असते आणि त्याला पाण्याची पाळीही लागत नाही.

परिपत्रकाची रचना ठरलेली आहे. शासन निर्णय असेल तर वरच्या बाजूला 'वाचा' या शीर्षकाखाली आधीच्या पत्रांची यादी असते. ती वाचण्याचा प्रघात नाही. मग प्रस्तावना, मग निर्णय. शेवटी हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संगणक संकेतांक अमुक आहे, असे एक लांबलचक आकड्याचे वाक्य, आणि त्याखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. महाविद्यालयाच्या आवारात खड्डा खणून त्यात रोप लावण्याची आज्ञा अशा प्रकारे थेट राज्यपालांच्या नावाने येऊ शकते. विद्यापीठाचे परिपत्रक त्या मानाने साधे. त्यात संबंधितांनी नोंद घ्यायची असते आणि संबंधित कोण, हे प्राचार्यांनी ठरवायचे असते.

प्रवासाचा भाग अधिक उद्बोधक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पत्र दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावर जन्माला येते. तिथून ते मंत्रालयात उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे, मंत्रालयातून पुण्याच्या मध्यवर्ती इमारतीतल्या संचालनालयाकडे, तिथून विभागीय सहसंचालकांकडे उतरते. दुसऱ्या वाटेने तेच पत्र गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पोहोचते आणि तिथूनही महाविद्यालयांकडे निघते. प्रत्येक टप्प्यावर एक आवरणपत्र चढते : 'उपरोक्त विषयास अनुसरून सोबतच्या पत्राचे अवलोकन व्हावे.' मूळ मजकूर दोन ओळींचा असला तरी महाविद्यालयात पोहोचेपर्यंत त्याला टाचणी पुरत नाही.

मुदतीचे गणित याच प्रवासात घडते. दिल्लीने पंधरा दिवस दिलेले असतात. मंत्रालय स्वतःच्या संकलनासाठी त्यातले चार ठेवून घेते, संचालनालय चार, सहसंचालक तीन. उरलेल्या दिवसांत शनिवार, रविवार आणि एखादी जयंती असते. त्यामुळे महाविद्यालयाला माहिती 'आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत, न चुकता' द्यावी लागते. हा निरोप दुपारी अडीच वाजता व्हॉट्सॲपवर येतो आणि सहीशिक्क्याचे पत्र त्यानंतर आठवड्याने टपालात येते. त्याची आवक नोंदवहीत रीतसर नोंद होते, कारण नोंद नसेल तर ते आलेच नाही आणि आलेच नाही तर त्याप्रमाणे पाठवलेली माहिती कशाच्या आधारे पाठवली, असा प्रश्न लेखापरीक्षणात निघू शकतो.

महाविद्यालयात पोहोचलेले परिपत्रक सूचना वहीत चिकटते. ही लांबट, पुठ्ठ्याची, कोपऱ्यांवर रंग उडालेली वही शिपाई वर्गावर्गातून फिरवतो. तो दारात उभा राहतो. फळ्यावर अर्थशास्त्रातल्या मागणीचा वक्र अर्ध्यात असतो. प्राध्यापक खडू डाव्या हातात घेतात आणि आपल्या नावासमोर सही करतात. नाव शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मजकूर वाचायलाही लागला असता, पण शिपायाला अजून अकरा वर्ग करायचे असतात. वर्गातल्या मुलांचा समज असा, की सरांचा पगार झाला. तो समज कोणी दूर करत नाही. 'सूचना पाहिली नाही' असे नंतर म्हणता येऊ नये एवढाच त्या सहीचा उपयोग आणि तेवढ्यापुरती ही पद्धत बिनतोड आहे.

विषयांच्या बाबतीत परिपत्रकाला काहीही वर्ज्य नाही. २०१८ च्या सप्टेंबरात आयोगाने विद्यापीठांना 'सर्जिकल स्ट्राइक दिन' साजरा करायला सांगितले. २०२१ च्या डिसेंबरअखेर ७५ कोटी सूर्यनमस्कारांच्या उपक्रमात सहभागी होण्याचे पत्र आले. २०२३ च्या डिसेंबरात आवारात सेल्फी पॉइंट उभारण्याची सूचना आली. २०२१ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या गोविज्ञान परीक्षेला विद्यार्थ्यांनी बसावे, असा आग्रह विद्यापीठांना करण्यात आला; पुढे ती परीक्षाच लांबणीवर पडली. राहू बेटातल्या विद्यार्थ्याचे त्यात फारसे नुकसान झाले नाही. तो पहाटे धार काढतो, डेअरीवर दूध घालतो, फॅट किती लागले ते बघतो आणि मग एसटी पकडून पहिल्या तासाला येतो. गाय आटल्यावर काय होते, हा प्रश्न त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात असता तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

राज्यही मागे नाही. २०१६ साली दोन कोटी झाडे, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी, अशी वृक्षलागवडीची चढती भाजणी होती. महाविद्यालयांनाही त्यात वाटा होता. आवार मात्र दरवर्षी तेवढेच राहिले, म्हणून मागच्या वर्षीचा खड्डा ही या काळातली सर्वांत उपयुक्त शैक्षणिक साधनसामग्री ठरली. २०२२ च्या १ ऑक्टोबरला आणखी एक शासन निर्णय निघाला : शासकीय आणि शासन अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे. वरच्या कार्यालयातला फोन उचलला जावा, याबद्दल त्यात काही म्हटलेले नव्हते.

३१ ऑक्टोबरची एकता दौड हे या भागापुरते वेगळे प्रकरण आहे. ही दौड सकाळी लवकर घ्यायची असते आणि तारीख बऱ्याचदा दिवाळीच्या सुटीत येते. त्या दिवसांत भीमेच्या दोन्ही काठांवर ऊस पुरुषभर उंच उभा असतो आणि उसात बिबट्या असतो. शिरूर आणि दौंडमध्ये ही नेहमीची बाब आहे. लोक झुंजूमुंजू झाल्याशिवाय बांधावर एकटे जात नाहीत. परिपत्रकात बिबट्याचा उल्लेख नसतो. सहभागी विद्यार्थ्यांची संख्या मात्र मुले आणि मुली अशी स्वतंत्र मागितलेली असते.

कार्यक्रम झाला की नाही हे कोणी विचारत नाही, त्याचा फोटो विचारतात, आणि तोही जिओटॅग केलेला. म्हणजे फोटोच्या तळाशी नकाशाचा तुकडा, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ हवी. त्यासाठी सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप असते आणि ते ॲप चालायला रेंज लागते. नदीकाठच्या भागात रेंज येते-जाते. फोनने जागा पकडताना जरा गल्लत केली की दौंड तालुक्यातले वृक्षारोपण भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात झालेले दिसते आणि मग पुन्हा तेच रोप, तेच हात, तोच फलक, नवा फोटो. फलकावर नुसते 'कार्यक्रम' आणि महाविद्यालयाचे नाव छापून घेतात. दिनविशेषाचे नाव कागदावर काढून त्यावर चिकटवतात. खर्च वाचतो. प्रेक्षकांत पहिल्या दोन रांगा भरलेल्या असल्या की पुरते, कारण कॅमेऱ्यात तेवढ्याच मावतात.

हे सारे जपून ठेवण्याचे कारण नॅक. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद १९९४ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय बंगळूरला आहे आणि तिच्या मूल्यांकनाचे सात निकष आहेत. महाविद्यालयांत या निकषांना 'क्रायटेरिया' म्हणतात आणि ते वाटून घेतात. 'पाच नंबर कोणाकडे आहे?' हा स्टाफरूममधला नेहमीचा प्रश्न. दरवर्षी गुणवत्ता अहवाल भरायचा, काही वर्षांनी स्वयंमूल्यमापन अहवाल आणि मग समिती. एकच रक्तदान शिबिर विस्तारकार्यात, विद्यार्थी विकासात आणि संस्थेच्या सामाजिक बांधिलकीत अशा तीन ठिकाणी दाखल होते. रक्त अर्थातच एकदाच काढलेले असते. २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने पाहणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. वर्षानुवर्षे अक्षांश-रेखांशासह फोटो गोळा करणाऱ्यांना ही बातमी वाचून वाईट वाटले, ते बहुधा गेलेल्या वेळाबद्दल.

परिपत्रकशास्त्रातला सर्वांत प्रगत प्रकार म्हणजे निरंक अहवाल. मागितलेल्या विषयात महाविद्यालयाकडे सांगण्यासारखे काहीच नसेल, तर तसे विहित नमुन्यात, दोन प्रतींत, प्राचार्यांच्या सहीने कळवायचे असते. परदेशी विद्यार्थी किती? निरंक. पेटंट किती? निरंक. वसतिगृहातले सौरऊर्जा संच? वसतिगृहच निरंक. हा तक्ता भरायला भरलेल्या तक्त्याइतकाच वेळ लागतो. तो न पाठवल्यास स्मरणपत्र येते, दुसरे स्मरणपत्र येते आणि तिसऱ्यात 'होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील' असे वाक्य येते. राहू बेटात गुऱ्हाळांना तोटा नाही, पण त्यांतून निदान गूळ निघतो.

हे काम करते कोण, हा भाग पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पूर्णवेळ अध्यापकाने वर्षात किमान तीस आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस, आठवड्याला किमान चाळीस तास काम करायचे आणि त्यात सहायक प्राध्यापकाने सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचे. अहवाल भरायला त्यात वेगळा तास धरलेला नाही. कार्यालयातले लिपिक तर सगळ्या पोर्टलांचे पासवर्ड पाठ असलेले लोक. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या विद्यापीठ-महाविद्यालयांतले शिक्षकेतर कर्मचारी आश्वासित प्रगती योजना आणि वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी संपावर गेले आणि परीक्षा अडल्या. संपाबाबत करायच्या कार्यवाहीची पत्रे त्या काळातही निघाली असणार. ती आवक नोंदवहीत चढवणारा माणूस मात्र बाहेर मांडवात बसलेला होता.

उरला तो तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. तो पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगावला उतरतो, तास घेतो, सेल्फी पॉइंटजवळ मुले उभी करतो, रोप धरतो, फोटो काढतो आणि फोटो पाठवतोही, कारण विभागात तरुण आणि फोन चांगला असलेला तोच. पैसे त्याला फक्त घेतलेल्या तासाचे मिळतात. सुटी पडली, परीक्षा सुरू झाली, दौड निघाली की तास बुडतो. सूचना वहीत त्याचे नाव सगळ्यात शेवटी, पेनाने वाढवलेले असते, आणि दर जूनमध्ये त्याची नेमणूक नव्याने व्हावी लागते.

त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे परिपत्रक एकच, पदभरतीचे. २०१७ च्या मे महिन्यात पदभरतीवर निर्बंध आले. २०१८ च्या नोव्हेंबरात रिक्त पदांपैकी चाळीस टक्के, म्हणजे सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला परवानगी मिळाली. तीन वर्षांनी त्यातली २,०८८ पदे अजून भरायचीच होती, म्हणून २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांना पुन्हा परवानगी देण्यात आली. आवारात सेल्फी पॉइंट उभारायला एवढा वेळ लागत नाही. उरलेल्या साठ टक्क्यांच्या रकान्यात २०१८ साली काय भरायचे होते, ते कोणी विहित नमुन्यात विचारले नाही. विचारले असते तर महाविद्यालयांनी त्याच संध्याकाळी पाचच्या आत कळवले असते.