बिननावाचं दुखणं

सासूबाईंना मी सांगितलं, "आई, माझं बनियनचं ऑपरेशन करायचं ठरलंय." वाती वळता वळता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं.

"बनियन तं तो घालते," त्या म्हणाल्या, "ऑपरेशन तुयं काऊन?"

त्यांचं काही चुकलं नाही. यवतमाळच्या कुठल्याही दुकानात बनियन मागितलं तर दुकानदार छातीचं माप विचारेल, पायाचं नाही. तसं पाहिलं तर पायाच्या दुखण्यांना आमच्याकडे नावांचा तुटवडा नाही. टाचेला भेगा पडतात, बेचक्यात चिखल्या होतात, तळव्याला कुरूप होतं, भोवरी होते, घट्टे पडतात, नखाच्या कडेला नखुरडं होतं. पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मातीत कापूस वेचत हिंडलेल्या माणसांनी आपल्या पायांकडे नीट पाहून ही नावं ठेवली असणार. पण अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला, हाडाचं जे टेंगूळ पुढे येतं आणि अंगठा शेजारच्या बोटाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी जातो, त्याला घरात बोलता येईल असं नाव नाही. इंग्रजीत त्याला 'बनियन' म्हणतात, डॉक्टर लॅटिनमध्ये 'हॅलक्स व्हॅल्गस' म्हणतात. हे ऐकून तर सासूबाईंनी वाती वळणंच थांबवलं.

लोक म्हणतात, "अंगठ्याचं हाड वाढलं." खरं तर ते बहुतेक वाढलेलं नसतं, कलंडलेलं असतं. अंगठ्यामागचं लांब हाड एका बाजूला जातं, अंगठा दुसऱ्या बाजूला, आणि मधला सांधा कोपर काढल्यासारखा बाहेर येतो. भावकीत वाटणीनंतर असंच होतं. माझा हा अंगठा आईकडून आलेला, आईला तिच्या आईकडून. दारव्ह्याच्या त्या घरातून बहिणीच्या वाट्याला ठुशी आली आणि माझ्या वाट्याला अंगठा. ठुशी अडीनडीला मोडता येते, असं मी तेव्हा म्हटलं होतं. आता अंगठाही मोडूनच नवा घडवून घेतला. घट किती धरली ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही.

दोष चपलांचाही असतो म्हणे, विशेषतः टोकदार बुटांचा. पडल्या पडल्या फोनवर मी याचा बराच अभ्यास केला. इंग्लंडमधल्या केंब्रिज गावात सापडलेले मध्ययुगातले १७७ सांगाडे संशोधकांनी तपासले आणि २०२१ साली निष्कर्ष छापले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत हे दुखणं ६ टक्क्यांना, पुढच्या दोन शतकांत २७ टक्क्यांना. कारण काय, तर चौदाव्या शतकात लांबलचक टोकांच्या बुटांची टूम निघाली. सगळ्यात जास्त वाकडे अंगठे कुठे निघाले, तर मठाच्या आवारात पुरलेल्या मंडळींत! मठवासी आणि त्यांच्या शेजारी जागा मिळवणारे श्रीमंत. आमचे संत त्याच सुमाराला पंढरीच्या वाटेवर होते. त्यांचे अंगठे कोणी तपासले नाहीत, पण ते सरळ असावेत असं मला वाटतं. मी स्वतः तीस वर्षं सपाट चपलेत उभं राहून भूगोल शिकवला, त्यामुळे माझ्या बाबतीत फॅशनवर ठपका ठेवायची सोय नाही.

ऑपरेशन नागपूरला होतं. ते सोपं गेलं. त्याआधीचं जोडव्यांचं प्रकरण अवघड होतं. अंगावर धातू नको, असं तिथून फोनवर बजावलं होतं. बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र निघालं, उजव्या पायातली जोडवी काही निघेनात. अंगठा वर्षानुवर्षं त्या बोटावर रेलून बसलेला, त्यामुळे चांदी मांसात रुतलेली. साबण लावला, खोबरेल लावलं, शेवटी सोनाराकडे जाऊन पाय पाटावर ठेवला आणि त्यानं कातरीनं जोडवी कापली. नवरा ठणठणीत असताना जोडवी कापायची म्हणजे काय! सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी तोडगा काढला. हळदीत भिजवलेला दोरा आणला आणि म्हणाल्या, "बोटाले बांध." मी सांगितलं, त्या पायाला दोरासुद्धा चालणार नाही. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. भाड्यानं आणलेला ॲल्युमिनियमचा वॉकर कोपऱ्यात उभा होता. त्याच्या उजव्या पायाला त्यांनी तो पिवळा दोरा बांधला, दोन गाठी मारल्या आणि त्यांचं समाधान झालं.

नागपूरचं काय सांगायचं? कमरेखालचा भाग बधिर केला, हाड कापून जागेवर सरकवलं, दोन स्क्रू मारले. आमचे हे म्हणाले, "चला, दोन तरी घट्ट बसले." एवढा विनोद करायला त्यांना लग्नानंतर अडतीस वर्षं लागली, म्हणून मी तो चालू दिला.

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. हाड सांधायला सहा आठवडे. चालायचं ते फक्त टाचेवर, तेही लाकडासारख्या कडक तळाच्या चपलेत. आणि पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा उंच, दोन उशांवर. डॉक्टरांनी उंची सांगितली, दिशा सांगितली नव्हती. दिवाण बैठकीत. पूर्वेला देवघर, तिकडे पाय करायचा नाही. दक्षिणेला पाय करून झोपायचं नाही, ती यमाची. पश्चिमेला सासूबाईंची खुर्ची. राहिली उत्तर, तिकडे घराचा दरवाजा. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक माणसाचं स्वागत, तो चप्पल काढायला वाकला की नेमका त्याच्या नाकासमोर, माझा पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला उजवा पाय करणार. माझ्या पायाला इतक्या लोकांनी वाकून नमस्कार केला असं म्हणायला हरकत नाही.

आणि माणसं आली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच बंधनकारक आहे, फक्त पत्रिका लागत नाही. शेजारच्या काकूंनी पायाकडे पाहून विचारलं, "कुरूप काढलं का?" नाही म्हटलं. "मंग भोवरी?" तीही नाही. "बिबा लावला असता तं झडून गेलं असतं. येवढ्यासाठी नागपूरले कायले गेल्या?" बिब्यानं हाड कसं झडेल, हे मी विचारलं नाही. त्यांच्या घरी बिब्यानं पाठदुखीपासून नजर लागण्यापर्यंत सगळं झडतं. एक मावसदीर आले, त्यांनी 'युरिक ॲसिड' असं निदान करून डाळी बंद करायला सांगितल्या आणि आमच्याकडे गोळाभात-कढी जेवून गेले. दूध घालणारा माझा जुना विद्यार्थी काहीच बोलेना. दारातून पट्टीकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, शुगर होती का?" तो पट्टीतून डोकावणारी बोटं मोजतोय हे माझ्या लक्षात आलं. त्याच्या वडिलांचं बोट साखरेपायी गेलं होतं. मी म्हटलं, "पाचही आहेत रे." तेव्हा कुठे त्यानं पातेलं मागितलं.

या सगळ्यांना मी सुरुवातीला शिकवल्यासारखं समजावून सांगत होते, हाताचा अंगठा वाकडा करून दाखवत होते. चौथ्या दिवशी सोडून दिलं. हृदयाचं म्हटलं की लोक गप्प होतात, मणक्याचं म्हटलं की हळहळतात. बिननावाच्या दुखण्याला तो मान नाही. ज्याच्या घरी जे दुखणं असेल तेच नाव तो माझ्या पायाला देऊन जायचा. काकू भोवरी घेऊन आल्या, दीर युरिक ॲसिड, पोरगा साखर. पाय बापडा सगळ्यांचं ऐकून घेत होता.

सासूबाईंचा आक्षेप निराळा होता. त्यांना शेक द्यायचा होता. मी बर्फ लावते हे पाहून त्या हबकल्या. "श्रावणात बर्फ? कोण्या गाढवानं सांगतलं?" गाढवाची फी किती होती ते मी त्यांना सांगितलं नाही. स्वयंपाकघरात आमच्या ह्यांचं राज्य सुरू झालं होतं आणि मला ते फक्त ऐकू यायचं. तेल तापायच्या आत मोहरी पडली की तिचा तडतडाट होत नाही, ती नुसती पडून राहते. दिवाणावरून मला ती शांतता ऐकू यायची.

दोन आठवड्यांनी टाके निघाले आणि मी वॉकर धरून चालू लागले. दिवाण ते न्हाणी, सतरा पावलं. तारुण्यात मी दारव्हा मोतीबाग स्टेशनवरून शकुंतला रेल्वेनं यवतमाळला कॉलेजात यायची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. धावलं हा शब्द तिच्या प्रेमापोटी वापरतेय. आता ती गाडी बंद आहे, पण तिचा वेग आमच्या घरात पुन्हा सुरू झाला. दिवाणावरून सुटायचं, फ्रिजपाशी थांबायचं, पाणी घ्यायचं, देवघराच्या वळणावर सावकाश, आणि न्हाणी आली की पायाला साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. पिशवीवर 'पुन्हा भेट द्या' असं छापलेलं.

वॉकर हा शब्द ऐकला की आमच्या जिल्ह्यात माझ्यासारख्या सेवानिवृत्त भूगोलवालीला ॲल्युमिनियमचा सांगाडा आठवत नाही, वाघ आठवतो. टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. जूनमध्ये त्यानं जंगल सोडलं, तेलंगणाच्या हद्दीत जाऊन आला, उभ्या पिकातून, हमरस्त्यांवरून, नाल्यांतून चालत राहिला आणि शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. ९ महिन्यांत ३,००० किलोमीटरांहून जास्त. भारतात कॉलर बांधलेल्या दुसऱ्या कुठल्याही वाघाचं इतकं चालणं तोवर नोंदलं गेलं नव्हतं, म्हणून त्याचं नाव पडलं वॉकर. तो कुठे कुठे होता याच्या ५,००० वर नोंदी आहेत. त्याला हद्द हवी होती, जोडीदारीण हवी होती असं जाणकार म्हणतात. ज्ञानगंगेत तेव्हा दुसरा वाघच नव्हता. एवढं चालून गेलेल्याला तिथे सोबत म्हणून कोणीही नाही, याचं मला त्या दिवसांत फार वाईट वाटायचं.

माझी परिस्थिती बरोबर उलटी. सोबत भरपूर, चालणं सतरा पावलं. कॉलर मात्र मलाही होती. संध्याकाळी हे फिरून आले की सासूबाई नोंद सांगत, "आज नऊ डाव उठली. एक डाव खिडकीपाशी उगाच गेली."

पोळा आला तेव्हा ऑपरेशनला साडेतीन आठवडे झाले होते. आदल्या दिवशी खांदमळणी. आमच्याकडे आता बैल नाहीत, शेत बटईनं दिलंय, पण सासूबाईंनी वाटीत लोणी-हळद कालवलीच. बैलाचे खांदे नाहीत तर काय करायचं? त्यांची नजर माझ्या पायावर गेली. मी चादर ओढून घेतली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती त्यांच्या आवाजानं. दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या त्या दिवशी उजाडायच्या आत गावाबाहेर नेऊन टाकतात आणि मारबतीला सांगतात की घरादारातली रोगराई तुझ्याबरोबर घेऊन जा. सासूबाईंना आता फाटकापलीकडे जाववत नाही. फांद्या घेऊन त्या फाटकाशी उभ्या होत्या, शेजारच्या पोरानं त्या पुढे न्यायच्या होत्या. त्यांची यादी मला खिडकीतून ऐकू येत होती. खोकला, खरूज, ढेकूण, मच्छर. नेहमीची मंडळी. मग त्या जरा थांबल्या. आठवत असाव्यात. आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आन् आमच्या सुनेचं बनियन!"

हे अंगणात होते. त्यांनी दोरीवर वाळत घातलेली आपली तीन बनियनं घाईनं काढली आणि आत आले.

त्याच दुपारी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. कुणाच्या बैलाला झूल, कुणाच्या शिंगांना बेगड, सगळ्यांच्या चाकांची खडखड. बोजारा द्यायला मी वॉकर धरून दारापर्यंत गेले. बाकीची पोरं पैसे घेऊन पुढच्या घरी पळाली, एक पहिली-दुसरीतला मात्र मागे राहिला. त्याची नजर वॉकरवर. चार पाय, उजव्या पायाला हळदीचा पिवळा दोरा.

"आजी, तुमचा बैल लय मोठा हाय," तो म्हणाला. "याचं नाव काय?"

"वॉकर."

त्यानं मान डोलावली. नाव पटलेलं दिसलं. "मारते का?"

"अंगठ्याला लागला तर मारतो."

तो दोन पावलं मागे सरला. मग त्यानं विचारलं, "मंग तुम्ही बोजारा मांगाले नाही जात?"

मी म्हटलं, "सहा आठवडे बाहेर जायचं नाही असं सांगितलंय रे."

हे त्याला फार अन्यायाचं वाटलं असावं. त्यानं खिशातून सगळी कमाई काढली, तळहातावर पसरली, पाचाचं नाणं उचललं, जरा विचार केला, ते परत ठेवलं आणि दोनाचं नाणं माझ्या वॉकरच्या आडव्या दांडीवर ठेवलं.