ही सुई संपू दे

लोकरमावशींच्या घरात शिरताना हात खिशात ठेवावेत. मोकळे दिसले की गेलेच. दोन्ही हात पुढे करायला लावून त्या त्यांत लोकरीची लड अडकवतात आणि समोर बसून गुंडा करायला घेतात. लड संपेपर्यंत माणूस शरण आलेल्या शिपायासारखा बसून राहतो. कुरियरचा पोरगा, गणपतीची वर्गणी मागायला आलेले कार्यकर्ते, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे त्या खुर्चीत बसून गेले आहेत. एक विमा एजंट तेवढा वस्ताद निघाला. त्याने हात अडकलेले असताना तासभर पॉलिसी समजावली. त्याला उठता येईना, आणि लड अर्धी सोडून मावशींनाही. शेवटी मावशींनी पॉलिसी घेतली आणि त्याला कानटोपी दिली. कोण कोणाला फसलं, ते अण्णांना अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णा म्हणजे मावशींचे यजमान. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, आता घरात आहेत. चहा कधी मिळेल असं विचारलं की त्यांना ठरलेलं उत्तर येतं, ‘थांबा, ही सुई संपू दे.’ विणणाऱ्यांच्या भाषेत सुई म्हणजे ओळ. सुलट सुईवर मावशी गप्पा मारतात, उलट सुईवर नुसता हुंकार देतात आणि जाळीच्या सुईवर कोणी नाही नि काही नाही. पुंडलिकाने विठोबाला विटेवर थांबवलं ते निदान आईवडिलांच्या सेवेसाठी. मावशी ‘दोन एकत्र, लोकर पुढे’ यासाठी थांबवतील.

सुया मोजायला त्यांनी सासूबाईंची जपमाळ घेतली आहे. बारा सुयांचं डिझाइन नऊ वेळा विणलं की बरोबर १०८ होतात, माळ पुरी. कीर्तनाला त्या पिशवीत हात घालून बसतात, मधूनच एक मणी ओढतात, ओठ हलत असतात. बुवांनी एकदा भर कीर्तनात ‘या माउलींकडे पाहा’ म्हणून त्यांचं उदाहरण दिलं होतं. माउली तेव्हा बगलेचे टाके कमी करत होत्या.

विणतात त्यातलं बहुतेक देण्यासाठीच. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे गोड बातमी असली तर ती डॉक्टरांच्या आधी मावशींना कळते. मग बाळंतविडा सुरू होतो, टोपरं, कुंची, मोजे, स्वेटर. माझा मुलगा मे महिन्यातला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत पोराला लोकरीत गुंडाळून आम्ही फोटो काढत होतो. फोटो झाला तसा तो सगळा सरंजाम उतरवला, पण तेवढ्यात मावशी चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या, तेव्हा पुन्हा चढवला. शिवाय स्वेटर ‘वाढत्या अंगाचा’. मावशींच्या हिशेबात अंग किती वाढेल याला मर्यादा नाही. बाह्या चार घड्या घालूनही पोराची बोटं दिसेनात.

त्या स्वेटरचा पोपटी रंग मला ओळखीचा वाटला. मी सातवीत असताना मावशींनी मला जो दिला होता, तो हाच. माझा आखूड झाल्यावर त्यांनी परत नेला, उसवला, लोकर धुऊन, वजन लावून, ताठ करून वाळवली. पुढे तिचा धाकट्या भावाचा हातोपा झाला, मग अण्णांचा मफलर, मग किटलीचं झाकण. गीतेत आत्म्याबद्दल जे सांगितलं आहे ते आमच्याकडे लोकरीला लागू आहे. (तिला लोकर म्हणायची तरी सवय. हिच्या घडणीत मेंढीचा कुठेही संबंध आलेला नाही. हे मावशींना सांगू नये.)

‘पुण्यात लागतो कशाला एवढा स्वेटर?’ असं विचारणाऱ्याला त्या तारखेनिशी उत्तर देतात. १७ जानेवारी १९३५. त्या दिवशी पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता. मावशींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण त्या थंडीची तयारी त्या आजही करत आहेत.

डिझाइनं कुठून यायची? पूर्वी, लोकांच्या पाठीवरून. बसमध्ये पुढच्या बाईच्या स्वेटरवर नवी वेल दिसली की मावशी टाके मोजायला लागायच्या. बाई उतरली आणि मोजणी अर्धी राहिली असली तर मावशीही उतरायच्या. निघाल्या डेक्कनला आणि पोचल्या हडपसरला, असं दोनदा झालं आहे. एकदा त्या बाईने पोलिसाला हाक मारली. मावशींनी पोलिसालाच सांगितलं, ‘यांना जरा सरळ उभं राहायला सांगा.’

त्याच मावशी आता डिझायनर झाल्या आहेत आणि चोरांना घाबरतात. शेजारीण डोकावली की विणकामावर टॉवेल टाकतात.

विकायचं नातीने सुचवलं. आधी तयार स्वेटर विकून पाहिले. अण्णांनी हिशेब मांडला, पूर्ण बाह्यांचा बायकी स्वेटर म्हणजे चाळीस हजारांवर टाके, मिनिटाला पंचवीस धरले तरी सत्तावीस तास. शिवणी आणि बटणं वेगळी. पहिलं गिऱ्हाईक किंमत ऐकून म्हणालं, ‘रस्त्यावर तिबेटी लोकांकडे चारशेला मिळतो हो!’ मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘मग तिथूनच घ्या, चांगले असतात.’ दुसरीने एका पैशाची घासाघीस केली नाही, तर मावशींनी तिची मुलाखत घेतली. धुणार कशात? पिळणार का? हँगरला टांगणार? ‘टांगणार’ म्हणाली, तिथे सौदा मोडला. तिसरी सगळ्या प्रश्नांत पास झाली. ती इतकी आवडली की मावशींनी तिला स्वेटर फुकट देऊन टाकला. धंदा तिथे मिटला.

मग नात म्हणाली, ‘आजी, स्वेटर नको, नुसती कृती विकू.’ रॅव्हलरी म्हणून जगभरातल्या विणणाऱ्यांची साइट आहे, २००७ साली अमेरिकेत सुरू झालेली. तिथे बायका डिझाइन लिहून विकतात. आता कृती लिहायची तर किती टाके ते सांगायला हवं, आणि मावशींचं माप म्हणजे ‘माणूस बघून’. पहिल्या मसुद्यात ‘पुरेसे टाके घालावेत’ असं वाक्य होतं.

पहिली विक्री तान्ह्या बाळाच्या टोपऱ्याची. एका अमेरिकन बाईने ते विणलं, फोटो पाठवला, आणि टोपरं तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर होतं. मावशींनी लिहिलं होतं ‘दहा नंबरची सुई’. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड, त्यांची दहा नंबर सहा मिलिमीटरची. ‘देशच उलट सुईवर आहे,’ मावशी म्हणाल्या. पण नवऱ्याला शोभतंय हे त्यांनी मान्य केलं.

मग पैठणीच्या पदरावरचा मोर घेतला. अण्णांनी चौकटीच्या कागदावर पस्तीस घरं रुंद, पस्तीस घरं उंच असा देखणा मोर काढून दिला. विणून झाल्यावर सुयांवर बदक उतरलं होतं. पोटाशी फुगलेलं, मान आत गेलेली. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी अण्णांनी पट्टी लावली तर इंचाला आडवे टाके पाच आणि उभ्या सुया सात. टाका चौकोनी नसतोच, रुंद नि बुटका असतो. मोर सात इंच रुंद आणि पाच इंच उंच झाला होता. ‘अगं, कालव्याच्या नकाशात उभं प्रमाण वेगळं, आडवं वेगळं, तसं आहे हे!’ अण्णा जवळजवळ ओरडले. निवृत्तीनंतर इतके खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. आता ते रोज सकाळी मावशींसाठी पाचास सात घरांचे कागद आखतात आणि कोपऱ्यात तारीख घालून सही करतात.

नारळी काठाचं जाकीट फिनलंडच्या एका बाईने विकत घेतलं. तिकडे उणे वीस असतं हे कळल्यावर मावशींची झोप उडाली. जाळीचं जाकीट, वारा आत शिरायचा! पैसे परत करायला निघाल्या होत्या, नातीने अडवलं. शेवटी कृतीच्या तळाशी एक सूचना वाढवली, ती आजही तिथे इंग्रजीत आहे. आतून बनियन घालणे.

मागच्या आठवड्यात तिचा फोटो आला. आम्ही सगळे नातीच्या लॅपटॉपभोवती जमलो. मागे बर्फच बर्फ, पुढे ती उंच गोरी बाई, आणि तिच्या छातीवर, मनगटांवर आपला नारळी काठ. अण्णांनी चष्मा पुसला. नात म्हणाली, ‘आजी, काय लिहू तिला?’

मावशींनी चित्र मोठं करायला लावलं. अजून मोठं. मग स्क्रीनवर सुईचं टोक टेकवलं.

‘डावी बाही. काठापासून सातव्या सुईला टाका सुटलाय. उसवायला सांग.’

‘आजी, एवढंच लिहू?’

‘थांब,’ मावशी म्हणाल्या, ‘ही सुई संपू दे.’