फिरतं दार

तोरणमाळला यशवंत तलावाकाठी मोबाइलची रेंज गेली, तसा पुतण्याने सॅकमधून वीस बाजूंचा फासा काढला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, 1974 सालचा अमेरिकी खेळ. एक जण निवेदक, बाकीचे वीर. निवेदक प्रसंग सांगून ‘आता काय करता?’ विचारतो, वीर ठरवतात आणि जमलं की फसलं ते फासा सांगतो. लोकशाहीच म्हणायची.

पुतण्या निवेदक. ‘डावीकडे जुनं दार. किलकिलं. आतून उजेड येतोय. दार आहे, बरं का.’ वीरांनी अर्थातच उजवीकडची वाट धरली. तिकडे धुकं. धुक्यातून चालत ते पोचले त्याच दारापाशी! निवडीचं स्वातंत्र्य अबाधित, फक्त दार फिरतं. (आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा अशीच चालते, तिथे फासाही नसतो.)

आपल्याकडे तमाशातल्या वगातही सरदार कथा पुढे रेटायचा आणि सोंगाड्या तिला हजरजबाबी फाटे फोडायचा. कथा मुक्कामी पोचायचीच, पण वाटेत सोंगाड्याचा प्रत्येक फाटा सरदाराला निस्तरावा लागे. पुतण्याला निस्तरायचा कंटाळा. त्याने दारच उचलून आणलं.

दुसऱ्या दिवशी सीताखाईच्या कडेला वाटाड्या म्हणाला, ‘पुढं शेवाळ आहे.’ एवढंच.

‘आणि तरी गेलो तर?’ पुतण्याने विचारलं.

वाटाड्याने एकदा दरीकडे पाहिलं, एकदा त्याच्या नव्या बुटांकडे. फासा खिशातच राहिला.