रात्रभर भैरवी

सायट्रान्स हा नाचाच्या यंत्रसंगीताचा प्रकार आता तोच तोच वाटायला लागलाय, ही बातमी गोव्यातल्या आमच्या बार्देशात दर नोव्हेंबरला येते. पाऊस संपतो, किनाऱ्यावर शॅकवाले बांबू रोवतात, भाड्याच्या स्कूटर धुवून रस्त्याकडेला लागतात आणि मागोमाग ही बातमी. यंदा ती माझा भाचा पुण्याहून घेऊन आला. ‘‘मामा, साय संपलं. सगळे ट्रॅक सारखेच. एक ऐकला की शंभर ऐकले.’’ एवढं सांगून तो सोलकढी प्यायला, घटकाभर झोपला आणि रात्री वागातोरला नाचायला गेला. परतला तेव्हा पदेर सकाळचे पाव देऊन गेलासुद्धा होता. मेलेल्याच्या तेराव्याला इतका वेळ नाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आता या प्रश्नावर मत द्यायचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरवू. तिकीट काढून, मनगटाला पट्टा बांधून आठवड्यापुरता येतो तो हौशी श्रोता. हणजूण, वागातोर, आसगाव या पट्ट्यातली आम्ही माणसं निवासी श्रोते. आमच्यापैकी कोणी तिकीट काढल्याचं ऐकिवात नाही, पण कोणाचा एकही हंगाम बुडालेला नाही. गेल्या तीसेक वर्षांत अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही जेवढं ऐकलंय, तेवढं बर्लिनच्या एखाद्या समीक्षकानं ऐकलं असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. वाड्यावरची जुनी माणसं खिडकीची काच कशी थरथरते यावरून आज वारा कुठल्या दिशेचा आहे ते सांगतात.

आमच्या साधनेत एक खोट मात्र आहे. सायट्रान्सचा ठोका आणि त्याला चिकटलेला बास यांचा मुक्काम ४५ हर्ट्झच्या आसपास असतो. त्या लहरीची लांबी भरते साडेसात मीटर. एवढ्या लांबीच्या पाहुण्याला चिऱ्याची भिंत अडवू शकत नाही. भिंत अडवते ती वरची नक्षी. म्हणजे तिकीट काढणाऱ्याला अख्खी रचना मिळते आणि आम्हाला तिचा पाया तेवढा घरपोच. (सिंथेसायझरवर कटऑफ नावाची एक खुंटी असते, ती उलटी पिळली की वरचे सूर असेच गाळले जातात. तिच्यासाठी लोक पैसे मोजतात; आमच्या घरांना ती आजोबांनीच बसवून ठेवली आहे.) तेव्हा आम्ही ‘सगळं सारखंच’ म्हणालो तर निम्मा दोष आमचा आणि निम्मा चिऱ्याचा. पण भाचा तर थेट स्पीकरसमोर उभा होता. त्याला का सारखं वाटावं?

मी हिशेब मांडला. मिनिटाला साधारण १४५ ठोके. प्रत्येक ठोक्याचे चार तुकडे. पहिल्यावर दणका आणि उरलेल्या तिन्हींवर बासचे तीन सूर. तासाला ८,७०० दणके आणि २६,१०० बास. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ६९,६०० दणके. हीच वेळ का घेतली म्हणाल, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी केली आहे ती याच आठ तासांत. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सबब हे ६९,६०० दणके कायद्याच्या दृष्टीनं वाजतच नाहीत. ते आम्हाला नुसते भासतात. ट्रान्स म्हणतात ती अवस्था हीच असावी, आणि तीही फुकट.

आकड्यांनी भाच्याचं समाधान होईना, म्हणून आमच्या भजनी मंडळाच्या पेटीमास्तरांना साक्षीला बोलावलं. भाच्यानं त्यांना मोबाइलवर निरनिराळ्या देशांतले पाच ट्रॅक ऐकवले. मास्तरांनी पेटी उघडली, एक पट्टी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

‘‘सगळ्यांचा सा एकच रे. पांढरी चार. एखादा पांढरी तीन, एखादा काळी तीन. यापलीकडे कोणी जात नाही.’’

ही गोष्ट खरी आहे आणि तिला कारणही आहे. छातीत बसणारा दणका मोठ्या स्पीकरमधून एवढ्या टापूतच नीट निघतो. सा खाली नेला तर स्पीकर दमतो, वर नेला तर दणक्यातला दम जातो. तेव्हा ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळे झाडून पांढरी चारच्या आसपास. मास्तर पुढचे सूर चाचपत राहिले. कोमल रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. आणि एकदम त्यांनी भात्यावरचा हात थांबवला.

‘‘अरे, ही तर भैरवी!’’

हेही खरं. पाश्चात्त्य लोक या स्वरावलीला फ्रिजियन म्हणतात आणि सायचं मूळ असलेल्या गोवा ट्रान्सच्या मंडळींचं तिच्यावर पहिल्यापासून प्रेम. कधी चव बदलावी म्हणून गंधार शुद्ध करतात, मग बसंतमुखारीसारखं काहीतरी होतं. पण फिरून भैरवी. मास्तर चिंतेत पडले. आपल्याकडे भैरवी लागली की मंडळी चपला शोधायला लागतात. मैफल आवरत आल्याची ती खूण. ‘‘हे लोक आरंभालाच भैरवी लावतात,’’ मास्तर म्हणाले, ‘‘आणि उजाडेपर्यंत सोडत नाहीत. आता संपवतो, आता संपवतो, असं रात्रभर सांगायचं आणि संपवायचं नाही. त्या पोरांना घरी कधी जायचं ते कळणार कसं?’’

भाचा खूश झाला. ‘‘म्हणजे मास्तर, तुम्हालाही सगळं सारखंच वाटलं ना?’’

‘‘मी कुठं तसं म्हटलं? एकादशीला आम्ही विठ्ठलाचा गजर अर्धा तास धरतो. त्यात दुसरा शब्द नसतो. कोणी उठून गेल्याचं आठवत नाही. गजर चढायचा थांबला की मग मात्र लोक इकडं तिकडं बघायला लागतात. तुझं ते चढतंय का, ते बघ आधी.’’

मास्तर पेटी मिटून निघून गेले. भाचा त्यानंतर बराच वेळ काही बोलला नाही, आणि तो बोलत नाही तोवर मी या तक्रारीचा इतिहास सांगून टाकतो. ठोक्याहूनही कंटाळवाणी गोष्ट कुठली असेल तर ती ही तक्रार. सत्तरच्या दशकात हिप्पी इथं गिटार आणि रॉकच्या कॅसेट घेऊन आले. ऐंशीच्या दशकात लोराँ नावाच्या फ्रेंच डीजेनं युरोपातलं यंत्रसंगीत कॅसेटवर आणलं, गाण्यांतले शब्द कापून नुसते ठोके ठेवले आणि रात्र रात्र वाजवली. गिटारवाल्यांसाठी गोवा तिथं संपला. मग १९९३ मध्ये लंडनला ड्रॅगनफ्लाय ही कंपनी निघाली, प्रकाराला आमच्या गोव्याचं नाव चिकटलं, १९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकेनफोल्डनं बीबीसी रेडिओ १ वर ‘गोवा मिक्स’ वाजवला. कॅसेटवाल्यांसाठी गोवा तिथं संपला. पुढं फुल-ऑन आलं, डार्क आलं, प्रोग्रेसिव्ह आलं, ताशी वेगाची पर्वा न करणारं हाय-टेक आलं, आणि प्रत्येकानं आधीच्याचा गोवा संपवला. सुवर्णकाळ नेमका कुठला, हे मी दाढी पिकलेल्या बऱ्याच परदेशी भाडेकरूंना विचारलं आहे. उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं, सूत्र एकच: सांगणारा तेविसाव्या वर्षात होता तो हंगाम.

नावाबद्दलही एक सांगायला हवं. गोवा ट्रान्समध्ये गोंयकार शोधायला गेलात तर पार्किंगच्या पावत्या फाडणारा सापडेल. रचना लंडनच्या, फ्रान्सच्या, इस्रायलच्या. आणि या पंथाच्या सगळ्यांत मोठ्या मेळ्यांपैकी एक, बूम, १९९७ पासून कुठं भरतो? पोर्तुगालमध्ये. ४५१ वर्षं आमच्यावर राज्य करून ते लोक १९६१ मध्ये परत गेले. त्यांच्या मागोमाग आम्ही हे पाठवलं. हिशेब पुरता फिटला असं अजून वाटत नाही.

आणि ज्यांची समजूत आहे की हा सगळा प्रकार हिप्प्यांच्या पिशवीतून निघाला, त्यांनी मुंबईच्या चरणजीत सिंग यांची तबकडी ऐकावी. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. रोलँड कंपनीनं तेव्हा टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी काढली होती. एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी एवढाच तिचा हेतू. साथ कोणाला आवडली नाही, आणि काही वर्षांतच कंपनीनं ती बंद केली. चरणजीत सिंगांनी मात्र ती डबी, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर जोडून १९८२ मध्ये दहा राग वाजवले. वर राग, खाली डिस्कोचा ठोका. भैरवी, ललित, यमन, मालकंस. एचएमव्हीनं तबकडी काढली, घेणारे फारसे मिळाले नाहीत. त्याच डबीच्या खुंट्या पिळून शिकागोच्या पोरांनी अ‍ॅसिड हाउसला जन्म दिला तो १९८७ मध्ये, आणि त्याच अ‍ॅसिडच्या किंकाळ्या पुढं गोवा ट्रान्सचा जीव झाल्या. २०१० मध्ये ही तबकडी नेदरलँड्समधल्या कंपनीनं पुन्हा काढली, तेव्हा जगानं तोंडात बोट घातलं. चरणजीत सिंग २०१५ मध्ये गेले. आपल्या माणसाची दखल आधी बाहेरच्यांनी घ्यायची, या रिवाजात मात्र आम्ही कधीच बदल होऊ दिलेला नाही.

मुद्दा असा की त्या तबकडीवर ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे. तरी ललित ललितच राहतो आणि मालकंस मालकंसच. वाजवणाऱ्याला एकाच ठोक्यावर काय मांडायचं ते ठाऊक होतं.

जुन्या गोवावाल्यांनाही ते आपापल्या परीनं ठाऊक होतं, आणि त्यात गैरसोयीचा वाटा मोठा. इथल्या उन्हात तबकड्या वाकायच्या, धुळीनं खराब व्हायच्या, म्हणून मंडळी आधी कॅसेटवर आणि नंतर डॅट या डिजिटल टेपवर वाजवायची. डॅटवर वेग कमी-जास्त करता येत नसे, त्यामुळे दोन ट्रॅक एकमेकांवर बसवणं महाकठीण. मग ट्रॅकलाच लांबलचक आरंभ आणि लांबलचक शेपूट ठेवायची पद्धत पडली. गोवा गिल म्हणून ओळखला जाणारा, सॅन फ्रान्सिस्कोकडून आलेला आणि २०२३ मध्ये गेलेला बुवा तर दोन डॅट वॉकमन घेऊन चोवीस चोवीस तास वाजवायचा. एक सूर मिनिटा-मिनिटाला थोडा थोडा उघडत जायचा. तुम्ही पाणी प्यायला जाऊन आलात तरी तो उघडतच असायचा. ऐकणाऱ्याला घाई नव्हती, वाजवणाऱ्याला सोय नव्हती.

आता सोयच सोय. ठोका तयार मिळतो, बास तयार मिळतो, घोड्याच्या चालीचा बास हवा तर तोही तयार. मंत्र म्हणणारा साधू तयार, विश्वाच्या अंताबद्दल खर्जात बोलणारा अमेरिकन तयार. दोन ट्रॅक जुळवायला डीजेनं कानाला त्रास द्यायचं कारण नाही; सिंक नावाचं बटण आहे, त्यामुळे दोन्ही हात आकाशाकडे करायला मोकळे राहतात. आणि मुख्य म्हणजे आश्चर्याची वेळ ठरलेली आहे. चार चार मात्रांची बत्तीस आवर्तनं झाली की काहीतरी घडायचं. १४५ च्या वेगानं ती भरतात ५३ सेकंदांत. ५३ सेकंदांनी ठोका थांबतो, सुंऽऽ करत आवाज वर जातो, गर्दी हात वर करते, क्षणभर शांतता, आणि दाणकन तोच ठोका परत. याला ड्रॉप म्हणतात. ५३ सेकंदांनी गर्दी पुन्हा चकित व्हायला तयार. आमच्या गावात वीजही इतक्या नेमानं जात नाही.

तेव्हा या कोर्टाचा निकाल असा. ठोका सारखा आहे, ही तक्रार फेटाळण्यात येत आहे. तो सारखाच असायचा. बास सारखा आहे, हीही फेटाळण्यात येत आहे. सा सारखा आहे ही तक्रार स्पीकरच्या नावे वर्ग करण्यात येत आहे. भाच्याचं दुखणं आश्चर्याचं आहे. आश्चर्यच सारखं झालं आहे, आणि त्याबद्दल साय दोषी. शिक्षा म्हणून पुढच्या हंगामात प्रत्येक डीजेनं निदान एक ट्रॅक ड्रॉपशिवाय, सिंकशिवाय आणि दोन्ही हात यंत्रावर ठेवून वाजवावा. जमल्यास भैरवी मैफलीच्या शेवटी घ्यावी, म्हणजे पोरं वेळेवर घरी येतील.

आणि वाचकहो, येत्या नोव्हेंबरात तुमच्यापैकी जो कोणी ‘साय संपलं’ ही बातमी घेऊन आमच्या वाड्यावर येणार असेल, त्यानं आधी चरणजीत सिंगांची तबकडी पुरती ऐकून यावं. तक्रार मात्र रात्री दहाच्या आत सांगा. दहानंतर आम्हाला दुसरं काही ऐकू येत नाही.